कानाला पापणी नसते

आम्ही करवीर तालुक्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. मागच्या खेपेला आम्ही परसबागेवर बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आम्ही मोठ्या आवाजाच्या गाण्याबद्दल बोलणार आहोत. मोठ्या मैदानावर, हजारो माणसांपुढं, भिंतीएवढे स्पीकर लावून जो रॉक संगीताचा कार्यक्रम होतो तो, आणि आपल्या गल्लीत गणपतीला, वरातीला जी डॉल्बी लागते ती.

तुम्ही म्हणाल, रॉकचा आणि आमचा काय संबंध? पण आपल्या पोरी आता कोल्हापुरात, पुण्यात शिकायला राहतात. नोकरीला नवी मुंबईत असतात. पहिला पगार झाला की एक साडी आईला येते, आणि उरलेल्यातनं त्या मैत्रिणींबरोबर असल्या कार्यक्रमाचं तिकीट काढतात. आपल्याला ते फोनवर कळतं. "आई, मी कार्यक्रमाला चाललेय, आवाज येणार नाही, उद्या फोन करते." मग आपण रात्रभर जागत बसतो. म्हणून म्हटलं, आपण नीट समजून तरी घेऊ.

2025 सालच्या जानेवारीत कोल्डप्ले नावाच्या इंग्लंडच्या बँडचे नवी मुंबईत तीन कार्यक्रम झाले. तारखा होत्या 18, 19 आणि 21. जागा नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. मुंबईच्या एसटीनं जाताना पनवेल ओलांडल्यावर रस्त्याला लागूनच ते मोठं स्टेडियम दिसतं, तेच. ज्यांच्या नावानं ते ओळखलं जातं ते डॉ. डी. वाय. पाटील आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. तिथं 2019 च्या डिसेंबरमध्ये यू-टू हा आयर्लंडचा बँडही गाऊन गेला. त्याच्या कितीतरी आधी, 1996 साली, मायकल जॅक्सनचा कार्यक्रम अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला होता. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणींनी त्याचे फोटो पेपरात बघितले असतील. आता तोच पेपरातला कार्यक्रम आपल्या पोरी समोर उभं राहून बघतात. कोल्डप्लेची तिकिटं 2024 च्या सप्टेंबरमध्ये मोबाइलवर विकायला काढली आणि काही मिनिटांत संपली. त्यानंतर ती काळ्या बाजारात अव्वाच्या सव्वा भावानं विकली जातात म्हणून मोठा गदारोळ झाला. आपल्या पंचक्रोशीतल्या, तिकडं नोकरीला असणाऱ्या दोघी पोरी त्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. बघणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटात दिव्याचं कडं होतं आणि गाण्याबरोबर सगळ्या स्टेडियममधली कडी एकदम लाल, एकदम निळी व्हायची, असं त्यांनी सांगितलं. दिवाळीत गेल्यावर जसं वाटतं तसं वाटलं म्हणाल्या.

त्यांचं ऐकून आमच्यातल्या पाच जणींनाही वाटलं, एकदा बघू या तरी. नवी मुंबई लांब, तिकीट महाग. पण गेल्या थंडीत कोल्हापुरातच एका मोठ्या मैदानावर एका रॉक बँडचा कार्यक्रम होता. कॉलेजात शिकणाऱ्या चौघी पोरी निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर आम्ही गेलो. त्यातली एक नर्सिंगला आहे. तिनं येताना औषधाच्या दुकानातनं फोमच्या बोळ्यांची पाकिटं आणली होती आणि मैदानाच्या फाटकातच आमच्या हातावर एकेक जोडी ठेवली. "काकू, हे कानात घालायचं. गाणं ऐकू येतंय, काळजी करू नका."

खरं सांगायचं तर कार्यक्रम आम्हाला आवडला. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे स्पीकर टांगले होते. ढोल वाजला की ठोका आधी छातीत लागायचा आणि मग कानाला कळायचा. पायाखालची जमीन हलतेय असं वाटायचं. गाण्याचे शब्द आम्हाला कळले नाहीत, पण खासबागेत कुस्ती रंगात आल्यावर हलगीचा ताल चढायला लागला की जसं अंगावर काटा येतो, तसा आला. आमच्यातल्या एका काकूंचे पाय आपोआप नाचायला लागले. घरात डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या काकू! त्यांच्या मुलीनं त्यांचा हात धरला आणि दोघी नाचल्या. मायलेकी एका तालावर नाचताना आम्ही पहिल्यांदा बघितल्या. त्यामुळं पोरींनी असल्या कार्यक्रमाला जाऊ नये, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही.

पण तिथं आम्ही आणखी एक गोष्ट बघितली. नर्सिंगच्या पोरीच्या मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप होतं. मोबाइलचं माप अगदी तंतोतंत नसतं, पण अंदाज येतो. स्टेजजवळ आकडा 100 च्या वर होता. आम्ही मागं, खाण्याच्या गाड्यांजवळ आलो तेव्हा तो 85 च्या आसपास आला. आमच्यापुढं स्पीकरला अगदी चिकटून पोरं उभी होती, त्यांच्या कानात काही नव्हतं. एक तरुण जोडपं वर्षाच्या आतलं बाळ खांद्यावर घेऊन उभं होतं. आमच्यातल्या एकीनं जाऊन त्या बाळाच्या आईला सांगितलं, "बाई, बाळाला घेऊन मागं चल, आम्ही तुझी बसायची सोय करतो." ती आली. मागं आल्यावर बाळ दहा मिनिटांत झोपलं.

आता हे 85 आणि 100 म्हणजे काय ते सांगतो. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपण दोघी ओट्यावर बसून बोलतो तो आवाज साधारण 60 डेसिबल. डेसिबलचा हिशेब मात्र किलो-लिटरसारखा सरळ नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. म्हणून कान किती वेळ सहन करू शकतो तो वेळही 3 डेसिबलला निम्मा होतो. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याची संस्था असा हिशेब सांगते: 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तास. 88 असेल तर 4 तास. 91 ला 2 तास. 94 ला 1 तास. 97 ला अर्धा तास. आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. म्हणजे स्टेजजवळ उभं राहिलेल्या पोराचा दिवसभराचा वाटा दोन-तीन गाण्यांतच संपतो. कार्यक्रम चालतो दोन-अडीच तास.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला उपाय अंतराचा. मोकळ्या मैदानावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की ढोबळ मानानं 6 डेसिबल कमी होतात. 10 मीटरवर 100 असेल, तर 20 मीटरवर 94, आणि 40 मीटरवर 88. मगाचा हिशेब आठवा. पाव तासाचा एक तास झाला आणि एक तासाचे चार तास झाले. तिकीट तेच, गाणं तेच, फक्त चाळीस-पन्नास पावलं मागं आलं की झालं. दुसरा उपाय बोळ्यांचा. नीट बसवलेला फोमचा बोळा 15 डेसिबल जरी अडवत असला, तरी 100 चे 85 होतात. नीट बसवायचा म्हणजे कसा? बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरनं घेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, बोळा आत सरकवायचा, आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नुसता बाहेर अडकवून ठेवला तर उपयोग नाही. आणि कापसाचा बोळा तर फार थोडा आवाज अडवतो, त्यावर भिस्त ठेवू नका.

जवळ यंत्र नसेल तर आपला घरगुती मापदंड आहे. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या मैत्रिणीला बोललेलं कळायला ओरडावं लागत असेल, तर तो आवाज कानाला जड आहे असं समजायचं.

डोळ्याला पापणी असते. उन्हाची तिरीप आली की आपण डोळा मिटतो. कानाला पापणी नसते. येईल तो आवाज आत जातो. कानाच्या आत खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते, मटारच्या दाण्याएवढी. तिच्यात केसासारखी टोकं असलेल्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण 15 ते 16 हजार. आवाज आला की ती टोकं वाकतात आणि मेंदूला खबर जाते. कुरणातलं गवत बघा. एकदा त्यावरनं चाललं तर ते दबतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहतं. मोठा आवाज ऐकून आल्यावर कान जड होतात, आत शीळ वाजते आणि सकाळपर्यंत थांबते, ते हेच. पण रोज त्याच जागेवरनं चाललं तर पायवाट पडते आणि तिथं गवत राहत नाही. गवताचं बी पडलं तर पुढच्या पावसात उगवेल तरी. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आणि त्या मरतात त्याही एका ठरावीक जागेपासून. आधी बारीक, उंच आवाज ओळखणाऱ्या पेशी जातात. स, श, फ, थ ही अक्षरं निसटायला लागतात. ऐकू तर येतं, पण नीट कळत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतला, म्हणून तो आधी हरवतो. नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, अशी चेष्टा आपण करतो. आवाजानं बिघडलेल्या कानाचं खरंच तसं होतं. माणूस घरातच असतो, आणि बायकोच्या आणि लेकराच्या बोलण्यातनं हळूहळू बाहेर पडत जातो.

हे आम्हाला पुस्तकातनं कळलं नाही. आमच्या गटातल्या एका काकूंनी तीन वर्षांपूर्वी गटातनं कर्ज घेतलं. मुलाला साऊंडच्या धंद्यासाठी. स्पीकरचे बॉक्स, मशीन, जुना टेंपो. पोरगा कष्टाळू आहे. हप्ता त्यानं एकदाही चुकवलेला नाही. गटाच्या पासबुकात त्याच्या हप्त्याची ओळ आली की आम्हाला बरं वाटतं. वय अवघं 24. गेल्या वर्षी त्याची आई मासिक बैठकीत म्हणाली, पोराला हाक मारली तर ओ देत नाही, दोनदा-तीनदा मारावी लागते. आम्ही त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "काकू, दिवसा काही वाटत नाही. रात्री घर निवांत झालं की कानात रातकिडं वरडाय लागत्यात. झोप येत नाही."

त्याला घेऊन आई मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. कानाला यंत्र लावून तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली, ती उंच आवाजाच्या बाजूला खाली घसरली होती. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले. चोवीसाव्या वर्षी!

आता आमच्यापुढं प्रश्न उभा राहिला. धंदा बंद कर म्हणावं, तर त्याच्यावर दोन माणसांची चूल आहे, आणखी तीन पोरं त्याच्या हाताखाली राबतात, आणि गटाचं कर्ज फिटायचं आहे. चालू दे म्हणावं, तर आमच्याच पैशातनं त्याचा कान जातोय. आणि त्याच्या स्पीकरपुढं नाचणारी पोरंही आमचीच.

जगात हे दुखणं नवं नाही. ज्या कोल्डप्लेचा मगाशी उल्लेख केला, त्या बँडचा गायक क्रिस मार्टिन यालाही कानात सतत आवाज येण्याचा त्रास आहे. कोवळ्या वयात फार मोठ्यानं गाणी ऐकल्याचा तो परिणाम, असं त्यानं स्वतः लोकांपुढं सांगितलं आहे. आता तो गाताना कानाला संरक्षण लावतो. तुम्ही टीव्हीवर बघा, मोठमोठ्या गायकांच्या कानात काहीतरी घातलेलं असतं. त्यातनं त्यांना स्वतःचं गाणं बेताच्या आवाजात ऐकू येतं आणि बाहेरचा गोंगाट अडतो. म्हणजे स्टेजवरचा माणूस कान झाकून गातो, आणि समोरची आपली पोरं उघड्या कानानं नाचतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात 100 कोटींहून जास्त तरुणांना मोठ्यानं ऐकण्याच्या सवयीमुळं बहिरेपणाचा धोका आहे. 2022 साली त्या संघटनेनं असल्या कार्यक्रमांसाठी नियमही सुचवले. कुठल्याही 15 मिनिटांचा सरासरी आवाज 100 डेसिबलच्या वर नको. लोकांना कानाचे बोळे मिळावेत. आणि थोडा वेळ कान निवांत ठेवायला शांत जागा असावी.

आपल्या जिल्ह्याला तर हे दुखणं वेगळ्या वाटेनं माहीत आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागावर ज्यांची उमर गेली, त्यांच्याशी बोलून बघा. त्या माणसांना मोठ्यानं बोलायची सवय लागलेली असते आणि ती समोरच्याच्या ओठांकडं बघत ऐकतात. मागाचा खडखडाट पोटासाठी सोसावा लागतो. कारखान्यांच्या कायद्यातही आवाजानं येणारा बहिरेपणा हा कामापायी होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. पण सणाच्या आनंदातनं बहिरेपण घरी आणायची आपल्याला काय गरज?

मैदानावर निदान मागं सरकायला जागा असते. गल्लीत तीही नसते. कोल्हापुरात गणपतीच्या विसर्जनाला महाद्वार रोड बघितलाय ना? दोन्ही बाजूंना उंच घरं, मधनं चिंचोळा रस्ता. आवाज भिंतीवर आपटतो आणि परत येतो. आपल्या गावातली गल्ली त्याहून अरुंद. दाराच्या चौकटीपासून स्पीकर चार हातांवर. आत बाळंतीण असते, दम्याची म्हातारी असते, दहावीचा अभ्यास करणारी पोरगी असते. मैदानावर गेलेला माणूस स्वतःच्या पायानं गेलेला असतो. गल्लीतल्या बाळंतिणीनं तिकीट काढलेलं नसतं.

बाळंतिणीचा विषय निघालाच आहे तर गरोदर बायकांसाठी एक सांगतो. ढोलाचा, बेसचा जो जाड आवाज असतो, तो अंगातनं आत जातो आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. आईनं कानात बोळा घातला तर आईचा कान वाचेल, बाळाला त्याचा उपयोग नाही. म्हणून दिवस गेलेल्या बाईनं स्पीकरपासून लांबच राहायचं. लहान बाळांनाही जवळ न्यायचं नाही. फोमचे बोळे बाळासाठी नसतात, ते नाकातोंडात जायची भीती. थोड्या मोठ्या मुलांसाठी कानावरून बसणारी टोपणं मिळतात, तरीही मुलांना मागंच ठेवायचं.

कायदा काय म्हणतो? आवाजाचे नियम 2000 सालापासून देशभर लागू आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. सण-उत्सवासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, त्यातही आवाजाची मर्यादा सुटत नाही. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथं मर्यादा आणखी कडक. सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली रात्रीच्या आवाजाबद्दल कडक निकाल दिला. तक्रार करायची तर 112 नंबर आहे. पण आम्हाला ठाऊक आहे, गावात एकट्या बाईनं 112 ला फोन करणं सोपं नसतं. उद्या त्याच मंडळाच्या पोरांच्या आया पाणंदीत भेटतात. म्हणून हे काम एकटीचं नाही, गटाचं आहे.

आणि कोणी म्हणेल की आवाज कमी केला तर आपली परंपरा बुडेल, तर त्याला कोल्हापूरची परंपरा सांगा. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान बशीसारखं खोलगट बांधून घेतलं, की लांबच्या माणसालाही कुस्ती दिसावी. त्याच्या शेजारी 1915 साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, ज्याला पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळालं तेव्हा सगळं कोल्हापूर हळहळलं. त्या काळात नटाच्या गळ्यापुढं माइक नसायचा, आणि मागचा माणूसही कान देऊन ऐकायचा. अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथंच होते. ऐकणं ही या गावची परंपरा आहे. छाती हादरवणारी डॉल्बी आपल्याकडं अलीकडं आली. हलगी-घुमकं त्याच्या आधीपासून आहे, आणि हलगीवाला दमला की थांबतो. मशीन थांबत नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. त्या पोराला धंदा बंद कर म्हणालो नाही. बैठकीत त्यालाच समोर बसवून विचारलं, तूच सांग काय करता येईल. त्यानं सांगितलं त्यातनंच गटाचे ठराव झाले. एक, साऊंडवर काम करणाऱ्या प्रत्येक पोरानं बोळे किंवा कानावरची टोपणं घालायची, मशीन चालू असेपर्यंत काढायची नाहीत. त्याचा खर्च गटानं पहिल्या वर्षी उचलला. दोन, स्पीकरची भिंत एकावर एक रचायची नाही, बॉक्स कमी लावायचे, आणि स्पीकर घराच्या दाराकडं तोंड करून ठेवायचे नाहीत. तीन, स्पीकरपुढं दोरी लावायची, दोरीच्या आत लहान मूल येणार नाही. चार, रात्री दहाला मशीन बंद. पाच, बाळंतीण, आजारी माणूस असलेल्या घरापुढनं जाताना आवाज बंद करून नुसती हलगी. आणि सहावा ठराव पैशाचा. गणपतीची वर्गणी घराघरातनं निघते, आणि ती डब्यातनं काढून देणारा हात बाईचा असतो. वर्गणी देताना हे ठराव मंडळाला सांगायचे. ग्रामसंघाच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा सहा गटांनी सही केली.

गावात मंडळं दोन. एका मंडळानं आमचं ऐकलं. तिथल्या पोरांनीच दोरी धरली आणि बॉक्स निम्मे केले. दुसऱ्या मंडळाची पोरं म्हणतात, मग मिरवणुकीला मजा काय? त्यांच्याशी बोलणं चालू आहे. गणपती येतील तेव्हा कळेल. साऊंडवाल्या पोराची दोन कामं गेली, कारण त्याचा आवाज कमी असतो म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. म्हणून गटानं त्याचा हप्ता सहा महिन्यांसाठी कमी करून दिला. लग्नाकार्यात आम्हीच एकमेकींना सांगतो, साऊंड लावायचा तर याचाच लावा.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली पोरगी किंवा पोरगा असल्या कार्यक्रमाला निघाला तर अडवू नका. निघताना हातात पाण्याची बाटली आणि बोळ्यांचं पाकीट द्या. सांगा, स्पीकरसमोर उभं राहू नको, मागं राहा, दर तासाला थोडा वेळ आवाजापासून लांब जाऊन बस. घरी आल्यावर कान जड वाटले तर त्या रात्री मोबाइलचे इअरफोन कानात घालायचे नाहीत, कानाला विश्रांती द्यायची. लसणीचं गरम तेल कानात ओतू नका, त्यानं या दुखण्याला गुण येत नाही, उलट भाजायची भीती. शीळ एक-दोन दिवसांत थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यात हा विभाग आहे. आणि एखाद्या कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी जा. त्या दुखण्यात पहिले काही दिवस फार मोलाचे असतात. शाळेतल्या मुलांची तपासणी करायला आरोग्य खात्याचं पथक येतं, तेव्हा मुलाला नीट ऐकू येत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पुढच्या मासिक बैठकीत तुमच्या गटातही हा विषय घ्या. हिशेबाची वही बाजूला ठेवून पाच मिनिटं सगळ्या जणी गप्प बसा आणि काय काय ऐकू येतं ते प्रत्येकीनं सांगा. आम्ही केलं होतं. कोणाला दळणाच्या गिरणीचा पट्टा ऐकू आला, कोणाला लांबची एसटी, कोणाला वळचणीतली चिमणी. एका आत्याबाईंना चिमणी ऐकू आली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांची सून त्यांना तपासणीला घेऊन गेली.

तुमच्या गावात तुम्ही काय ठराव केला, ते आमच्या रेडिओला पत्रानं किंवा फोनवर जरूर कळवा. आम्ही ते वाचून दाखवू. गाणी ऐका, नाचा, पोरींबरोबर मैदानावरही जा. नमस्कार!